काचेआडची फुले



वहीत किंवा पुस्तकात पिंपळाचे पान जपून ठेवण्याची हौस महाराष्ट्रातील शाळकरी मुलांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. पान पाण्यात काही आठवडे कुजवून त्याचा हिरवा गर मऊ कुंचल्याने हलकेच काढून टाकला, की शिरांची नाजूक जाळी तेवढी शिल्लक राहते आणि ती वर्षानुवर्षे टिकते. याच हौसेला थोडी शिस्त लावून फुले व पाने दाबून वाळवावयाची आणि दोन काचांमध्ये मांडून त्यांच्या तसबिरी, खिडकीत टांगावयाच्या चौकटी, दिव्याचे आडोसे किंवा तबके तयार करावयाची, ही कला शहरांत आता चांगलीच रुजली आहे. घरच्या घरी, अल्प भांडवलात करता येण्याजोगे हे काम आहे. तथापि, अशा पुष्कळशा वस्तू एक पावसाळा उलटताच तपकिरी पडतात आणि घेणारा पुन्हा त्या वाटेला जात नाही. दोष काचेला किंवा डिंकाला दिला जातो. वास्तविक, फूल काचेत जाण्यापूर्वीच बिघडलेले असते.

वनस्पती दाबून वाळविण्याचे शास्त्र जुने आहे. सोळाव्या शतकात इटलीतील पिसा येथे लुका गिनी या वैद्यकाच्या अध्यापकाने वाळविलेल्या वनस्पती कागदावर चिकटवून विद्यार्थ्यांना शिकविण्याची पद्धत रूढ केली. अशा संग्रहांना त्या काळी लॅटिन भाषेत 'वाळलेली बाग' म्हणत. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या १९५५ साली स्थापन झालेल्या पश्चिम विभागात, तसेच मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रहालयात अशा वनस्पतींचे हजारो कागद आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडत आहेत. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ आपल्या चिठ्ठीवर फुलाचा रंग आवर्जून लिहून ठेवतो, कारण आकार टिकेल पण रंग टिकेलच असे नाही, हे तो जाणतो. शास्त्रज्ञाने ज्याची आशा सोडली आहे तोच रंग कारागिराला हवा असतो. म्हणून त्याचे काम अधिक कठीण आहे.

रंग का जातो? खुडलेल्या फुलातील पेशी हळूहळू मरू लागतात, त्यांतील द्रव्ये एकमेकांत मिसळतात आणि कापलेले वांगे जसे काळे पडते तशी पाकळी काळवंडते. ही क्रिया पाण्याच्या आधाराने चालते. पाणी जितक्या लवकर काढून घ्यावे तितका रंग अधिक हाती लागतो. सर्व रंग सारखे टिकाऊ नसतात. झेंडूचा पिवळा किंवा नारिंगी रंग गाजराच्या रंगाच्या जातीचा असतो. तो बराच काळ तग धरतो. निळा, जांभळा व लाल हे रंग बहुधा दुसऱ्या वर्गातील द्रव्यांचे असतात व ते आम्लाच्या स्पर्शानेही पालटतात. गोकर्णाची निळी पाकळी चुरडून तिच्यावर लिंबू पिळल्यास ती पाहता पाहता गुलाबी होते. विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग करून दाखविण्यास काहीच खर्च येत नाही. पांढरी फुले पिवळट पडतात. जास्वंद आकाराने डौलदार खरी, पण ती चिकट व रसाळ असल्याने नवशिक्यांची निराशाच करते. नेचे, गवताचे तुरे, कॉसमॉस, गुलमोहराच्या सुट्या पाकळ्या यांपासून आरंभ करावा. राज्यपुष्प असलेल्या तामणाच्या झिरझिरीत पाकळ्याही एकेक सोडवून दाबाव्यात. जाड गर्भाचे फूल अखंड दाबण्याचा हट्ट धरू नये. पाकळ्या वेगळ्या वाळवून काचेवर पुन्हा फुलाच्या आकारात जुळवाव्यात.

दाबयंत्र म्हणजे तरी काय? दोन सपाट लाकडी फळ्या, त्यांमध्ये पुठ्ठे, टीपकागद आणि रद्दी वर्तमानपत्रे, आणि सर्वांना करकचून बांधणारा पट्टा. फुले दवाचे पाणी सुकल्यावर, सकाळच्या दुसऱ्या प्रहरी खुडावीत आणि घरी पोहोचण्याची वाट न पाहता जागेवरच कागदात घालावीत. कोमेजलेले फूल दाबून ताजे होत नाही. सर्वांत अधिक आळस होतो तो कागद बदलण्यात. पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदललाच पाहिजे. फुलातून निघालेले पाणी कागदाने शोषलेले असते, आणि तोच ओला कागद तसाच ठेवला तर फूल वाळण्याऐवजी कुजते. कोकणात भाद्रपदात हवाच दमट असते. तेथे बदलावयाचे कागद चुलीच्या उबेला किंवा इस्त्रीने आधी कोरडे करून घ्यावेत. पातळ फुले आठ-दहा दिवसांत तयार होतात, जाड पाकळ्यांना तीन आठवडेही लागतात. फूल वाळले की नाही हे ओळखण्याची एक साधी खूण आहे : ते गालाला लावून पाहावे. गारवा जाणवला, तर आत अजून पाणी आहे.

असे थोडेसेही पाणी राहिलेले फूल काचेत बंद केले की ते बुरशीला आमंत्रण ठरते. शहाणपणाची रीत अशी, की फुले पावसाळ्यात व त्यानंतर जमवून हवाबंद डब्यात ठेवावीत आणि काचेचे काम कोरड्या हवेत, म्हणजे मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत उरकावे. दोन मिलिमीटर जाडीची काच पुरते. काचवाल्याच्या दुकानातील उरलेले तुकडे किंवा जुन्या तसबिरींच्या काचा यासाठी स्वस्त पडतात. काच हिऱ्याच्या कलमाने कापून घ्यावी व तिच्या कडा पाण्यात भिजविलेल्या पॉलिश कागदावर घासाव्यात; कोरडी घासल्यास काचेची धूळ श्वासावाटे आत जाते. शाळेत हे काम शिक्षकांनी स्वतः करावे, मुलांच्या हाती बोथट कडांची तयार काच द्यावी. काच स्पिरिटने पुसून पुरती कोरडी झाल्यावर टाचणीच्या टोकाएवढा डिंक लावून फुले मांडावीत, दुसरी काच वर ठेवावी आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद करून लाकडी चौकटीत बसवाव्यात. काही ठिकाणी तांब्याची पट्टी लावून डाख देतात. ते दिसते सुरेख, परंतु डाखात बहुधा शिसे असते, आणि शिसे लहान मुलांच्या आसपास वितळविणे मुळीच योग्य नाही.

तयार वस्तू उन्हात टांगू नये, हे विकत घेणाऱ्यास स्पष्ट सांगितले पाहिजे. काचेतून दिसणारा प्रकाश तर जातोच, शिवाय रंग विटविणाऱ्या अतिनील किरणांचाही मोठा भाग पार होतो. 'कायम टिकणारी फुले' अशी जाहिरात करणे म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक होय. पिंपळाच्या जाळीत मात्र विटण्याजोगा रंगच नसतो, म्हणून उजेडाच्या जागी तीच लावावी.

आता फुले आणावयाची कोठून, हा प्रश्न. शाळेतून 'रानफुले जमवून आणा' असे सांगितले जाते, आणि पन्नास मुले एकाच माळावर तुटून पडतात. सातारा जिल्ह्यातील कास पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांसह जागतिक वारसा यादीत गेले. तेथील गेंद, तेरडा, सीतेची आसवे यांसारख्या कित्येक वनस्पती एका पावसाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून संपतात. बी धरण्यापूर्वीच फूल खुडले, की पुढील वर्षाचे रोप नाहीसे झाले. कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि फुलल्यावर मरते. अशा ठिकाणचे एकही फूल या कलेसाठी लागत नाही. पुण्याच्या आसपास रस्त्याकडेला माजलेला नारिंगी कॉसमॉस मेक्सिकोकडून आलेला आहे. घाणेरीही अमेरिका खंडातूनच आली. ती हवी तितकी खुडावी, कोणाचेही नुकसान नाही. गाजरगवताला मात्र हात लावू नये. त्याने अंगाला खाज सुटते. दसऱ्याला वाटलेली आपट्याची पाने दुसऱ्या दिवशी केरात जातात. ती त्याच रात्री दाबून ठेवली, तर झाड ओरबाडल्याचे थोडेसे तरी सार्थक होईल.

महिला बचत गटांनी हे काम हाती घेताना चौकटी किती खपतील याचा विचार आधी करावा. एकदम शंभर नग न करता दहा करावेत आणि ते एक पावसाळा घरात ठेवून पाहावेत. जे बुरशी न धरता व फारसे न विटता उतरतील, त्याच पद्धतीचे पुढे विकावेत. या परीक्षेत वर्ष जाते, पण जिल्हा प्रदर्शनात एकदा गेलेला विश्वास परत मिळविण्यास त्याहून अधिक काळ लागतो.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने या दाबयंत्राचा आणखी एक उपयोग आहे. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत व्यवस्थापन समिती असावयाची आणि तिने लोकांच्या मदतीने जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. नोंदवहीत लिहिलेले 'पांढरी' किंवा 'रानतुळस' हे नाव एका गावी एका झाडाचे, तर शेजारच्या गावी दुसऱ्याचे असू शकते. बांधावरील किंवा गावठाणातील विपुल असलेल्या वनस्पतीची फुलासह एकच फांदी दाबून, सुमारे ४२ सेंटीमीटर लांब व २८ सेंटीमीटर रुंद कागदावर शिवून ठेवली, तर नावाचा घोळ तज्ज्ञाकडून केव्हाही सोडविता येतो. दुर्मीळ वनस्पतीचे छायाचित्र पुरे. चिठ्ठीवर गावातील नाव, जागा, तारीख, जमविणाऱ्याचे नाव आणि ताज्या फुलाचा रंग लिहावा. तसबिरीच्या पाठीमागेही फुलाचे नाव, गाव आणि महिना अशी लहानशी चिठ्ठी चिकटविण्यास हरकत नाही. फक्त ती शाईने न लिहिता पेन्सिलीने लिहावी, कारण दमट हवेत शाई फुटते.