कमानींखालील बोलोन्या

परदेशी विद्यापीठात दाखल झालेल्या विद्यार्थ्याने तेथील लोकजीवनाचा परिचय केवळ ग्रंथालयात शोधू नये, नगरभ्रमणासाठीही नियमाने वेळ राखावा, असे मी आग्रहाने म्हणतो. आणि अशा भ्रमणास इटलीतील बोलोन्याइतके अनुकूल नगर विरळाच. परंपरेने 1088 साली स्थापन झाल्याचे मानल्या जाणाऱ्या येथील विद्यापीठाकडे देशोदेशींचे विद्यार्थी येऊ लागले, वस्ती वाढून जागा अपुरी पडू लागली, तेव्हा घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे सरकले आणि त्यांच्याखाली खांबांच्या आधाराने आच्छादित पडव्या निर्माण झाल्या. 1288 च्या नगरकायद्याने त्या सक्तीच्या केल्या. जागेची मालकी खासगी, मात्र जाण्यायेण्याचा हक्क सर्वांचा, ही वहिवाट आजतागायत अबाधित आहे, आणि मला तर या नगराचा खरा स्वभाव तिच्यातच दिसतो. स्त्रादा माज्जोरे रस्त्यावरील कासा इझोलानी या घराचे तेराव्या शतकातील उंच लाकडी खांब अवश्य पाहावेत.

तेथून थोड्याच अंतरावर आर्किजिन्नासिओ ही 1563 ची विद्यापीठवास्तू आहे. तिच्या भिंतींवर जुन्या विद्यार्थ्यांची हजारो कुलचिन्हे रंगविलेली असून, त्यांतील पुष्कळसे विद्यार्थी परदेशीयच होते. पुढे नगराबाहेर, सान लुका टेकडीवरील देवालयापर्यंत, 666 कमानींचा छायामार्ग चढत जातो. दरवर्षी वसंतात मेरीमातेची प्रतिमा तेथून मिरवणुकीने नगरात आणतात. नवागत विद्यार्थ्याने त्या दिवशी पुस्तके मिटून नगरवासीयांच्या समवेत चालावे.