प्रेक्षागारातून पाहिलेले एक मतदान
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संसदीय कार्यपद्धतीविषयी मी बोलावे, अशी संयोजकांची सूचना होती. नियम पुस्तकात वाचता येतात. म्हणून मी आपल्याला ९ मार्च २०१० या दिवशी राज्यसभेत घेऊन जातो. त्या दिवशी महिला आरक्षणाचे १०८ वे घटनादुरुस्ती विधेयक मतास आले, आणि एका सदस्याच्या शिफारशीने मिळालेला पास घेऊन मी प्रेक्षागारात बसलो होतो.

प्रेक्षागाराची शिस्त मोठी कडक. कागद-पेन्सिल, पिशवी, सारे बाहेर ठेवावे लागते. मी सवयीने पायावर पाय टाकला, तर कर्मचाऱ्याने खांद्याला हात लावून सरळ बसण्यास सुचविले. खाली सभागृहात मात्र आदल्याच दिवशी सभापती हमीद अन्सारी यांच्या मेजावरचे कागद ओढून फाडण्यात आले होते! नागरिकाने हूं की चूं करायचे नाही आणि प्रतिनिधीने मेजावर झडप घालायची, ही विसंगती वर बसलेल्याला अधिकच बोचते.

निलंबित झालेले सात सदस्य जागचे हलेनात, तेव्हा मार्शल आत आले आणि त्यांनी त्यांना अक्षरशः उचलून बाहेर नेले. माझ्या शेजारी एक प्रौढ बाई बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आमच्यासाठी एवढं करावं लागतं का हो?" मला उत्तर सुचले नाही. बोलण्यास मनाई होती, हे तेवढ्यापुरते सोयीचे ठरले.

उचलून नेले जाणारे बरेचसे सदस्य डॉ. लोहियांचे नाव घेणाऱ्या पक्षांचे होते, हे आपण कार्यकर्त्यांनी डोळ्यांआड करू नये. मागास जातींतील स्त्रियांना या आरक्षणात स्वतंत्र वाटा हवा, ही त्यांची मागणी. मागणी रास्तच होती, आणि विधेयक आणणाऱ्यांनी ती बाजूला सारली हा त्यांचा दोष आहे. परंतु लोहियांनी साठ टक्क्यांचे जे सूत्र मांडले, त्यात दलित, आदिवासी आणि शूद्रांबरोबर सर्व स्त्रियांची गणना केली होती. उच्चवर्णीय स्त्रीलाही त्यांनी मागासच मानले. सप्तक्रांतीतही स्त्री-पुरुष समता अग्रभागी होती. त्या नावाने विधेयकाचे कागद फाडणे म्हणजे सूत्राचा अर्धा भाग फाडणे होय. याच मागणीसाठी आपल्या प्रमिला दंडवते अखेरपर्यंत झगडल्या. त्या दिवशी त्या हयात असत्या, तर हे दृश्य पाहून त्यांना काय वाटले असते, हा विचार माझ्या मनातून जात नव्हता.

संध्याकाळी मतविभागणी झाली : बाजूने १८६, विरोधात १.

थोडे गणित करू. अर्थशास्त्राच्या शिक्षकाची खोड सुटत नाही. घटनादुरुस्तीला दोन कसोट्या असतात. एक, एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, म्हणजे २४५ च्या सभागृहात १२३. दुसरी, उपस्थित राहून मत देणाऱ्यांचे दोनतृतीयांश. बहुजन समाज पक्षाने सभात्याग केला, तृणमूल काँग्रेस मतदानापासून दूर राहिली. असे जे निघून जातात किंवा मत देत नाहीत, ते दुसऱ्या कसोटीच्या हिशेबातच धरले जात नाहीत. १८६ मतांना रोखण्यास ९४ विरोधी मते लागली असती. तेवढी कोणापाशी नव्हती, हे खरे. पण सर्व विरोधक जागेवर बसून "नाही" म्हणाले असते, मागास स्त्रियांच्या वाट्याची दुरुस्ती मांडून त्यांनी तिच्यावर मतविभागणी मागितली असती, तर कोण कोठे उभा आहे हे कायमचे कागदावर आले असते. प्रत्यक्षात इतिवृत्तात विरोध म्हणून उरला तो एकाच माणसाचा.

तो माणूस महाराष्ट्राचा : शरद जोशी. खुल्या बाजाराच्या त्यांच्या अर्थशास्त्राचा मी वर्गात वर्षानुवर्षे प्रतिवाद केला, आणि आजही करीन. परंतु चांदवडला १९८६ साली शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन भरविणाऱ्या आणि लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमातून शेतकऱ्याला पत्नीच्या नावे जमीन करावयास लावणाऱ्या या गृहस्थाला स्त्रियांचा वैरी म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही. त्यांचा आक्षेप फिरत्या मतदारसंघांवर होता. पुढील निवडणुकीत हा मतदारसंघ आपल्याला राहणार नाही हे ठाऊक असलेली प्रतिनिधी तो जोपासण्याचे कष्ट कशासाठी घेईल, असे ते विचारीत. माझे मत त्या दिवशी विधेयकाच्या बाजूचेच होते. पण या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मी आमच्या बाजूच्या कोणाकडूनही ऐकलेले नाही. ग्रामपंचायतीत एकदा सरपंच झालेली आणि आरक्षण हलताच घरी बसलेली बाई आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली आहे.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. ते विधेयक लोकसभेत मतास आलेच नाही आणि २०१४ साली लोकसभेबरोबर संपुष्टात आले. २०२३ च्या सप्टेंबरात नवे विधेयक लोकसभेने ४५४ विरुद्ध २ आणि राज्यसभेने २१४ विरुद्ध शून्य मतांनी संमत केले. मागास स्त्रियांचा वाटा त्यातही नव्हता, आणि अंमल जनगणनेनंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेवर सोपविलेला. या वेळी कागद फाटले नाहीत. वाटा नाही म्हणून विरोधी मत नोंदविणारे दोघेच होते, एक हैदराबादचे आणि एक औरंगाबादचे. लोहियांचे नाव सांगणाऱ्या पक्षांनी भाषणांत वाट्याची मागणी केली आणि मत बाजूने दिले.

त्या संध्याकाळी प्रेक्षागारातून उतरताना शेजारच्या बाईंनी मला विचारले, "तो एक कोण?" मी नाव सांगितले. "कारण काय दिलं त्यांनी?" जिना उतरून दारापर्यंत येईतो मी त्यांना फिरत्या मतदारसंघांची गोष्ट समजावीत होतो. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मग हे आत कोणी बोललं का नाही नीट?"