घरातील विद्युत्-यंत्रे व आपले कर्तव्य
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानत्रयीतील पहिले व्याख्यान)



महोत्सवाच्या तीन संध्याकाळींपैकी पहिली माझ्या वाट्यास आली आहे. धर्मग्रामाचा पूर्वेतिहास उद्याचे वक्ते आपणांस सांगतीलच. मी निवडलेला विषय ऐकून कित्येकांस नवल वाटेल, आणि 'फादरांनी हे वायरमनचे काम कशास हाती घेतले?' असेही कोणी मनात म्हणेल. तथापि ज्या गोष्टीमुळे गेला महिनाभर आपल्यांतील काही मंडळी माझ्यावर किंचित रुष्ट आहेत, तिचा खुलासा मला करावयाचा आहे. आणि तो सर्वांसमक्ष करावा हेच बरे.

गोष्ट अशी की, महोत्सवासाठी मोठा एलईडी पडदा विकत घ्यावा असे युवकांनी सुचविले, कार्यकारी मंडळाने संमती दिली, आणि मी मात्र खरेदीचा कागद सही न करता टेबलाच्या खणात ठेवून दिला. युवकांचा हेतू शुद्ध होता. मागील बाकांवर बसणाऱ्या वृद्धांस गीतांचे शब्द दिसत नाहीत, हे त्यांचे म्हणणे अगदी खरे. मग मी का थांबलो? पूर्वी एकदा मी उतावीळपणे चुकलो होतो, म्हणून.

तीन वर्षांपूर्वी उपवासकाळात देवळातील ॲम्प्लिफायर एकाएकी मुका झाला. रविवार तोंडावर होता. मी कोणासही न विचारता नवा आणविला व जुना भंगारवाल्यास देऊन टाकला. पुढे काही महिन्यांनी, अशा यंत्रांची दुरुस्ती करून उदरनिर्वाह करणारे आपल्यांतीलच एक गृहस्थ मजकडे आले. त्यांनी बिघाडाची लक्षणे विचारून घेतली व हळूच म्हणाले, "फादर, एखादा कपॅसिटर गेला असेल. शे-दीडशे रुपयांचे काम होते. मला एक हाक मारायची होती." त्या साध्या बोलण्याने मी जितका ओशाळलो, तितका कोणाच्या रागावण्यानेही ओशाळलो नसतो. पैसा धर्मग्रामाचा, यंत्र चालण्याजोगे, दुरुस्त करणारा हाकेच्या अंतरावर, आणि चूक सर्वस्वी माझी!

त्या दिवसापासून या विषयाचा मी थोडा अभ्यास आरंभिला. प्लग व यंत्र यांच्यामध्ये बसविता येईल असे वीज मोजण्याचे एक लहानसे यंत्र मी विकत घेतले आणि धर्मगुरुनिवासातील एकेक वस्तू तपासली. टीव्ही रिमोटने बंद केल्यावर एक वॉटही घेत नव्हता. परंतु त्याच्या शेजारचा सेट-टॉप बॉक्स चालू असता अकरा वॉट घेई आणि रिमोटने 'बंद' केल्यावर दहा! म्हणजे तो झोपत नव्हता, केवळ डोळे मिटून पडत होता. इंटरनेटचा राउटर रात्रंदिवस आठ वॉट घेत होता, आणि आठवड्यातून एकदा लागणारा छपाईचा प्रिंटर सातही दिवस जागा होता.

टीव्ही इतका संयमी का, याचेही कारण आहे. यंत्रे बंद दिसत असतानाही वीज पितात, हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आल्यावर १९९९ साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने असा आग्रह धरला की, निजलेल्या यंत्राने एका वॉटहून अधिक वीज घेऊ नये. पुढे युरोपीय संघाने २०१० पासून तसा नियम लागू केला व २०१३ पासून ती मर्यादा बहुतेक यंत्रांसाठी अर्ध्या वॉटवर आणली. जे एकदा नियमाने घडले ते जगभरच्या कारखान्यांत रूढ झाले. तात्पर्य, यंत्र अधाशी असलेच पाहिजे असे नाही. बनविणाऱ्यावर बंधन घातले म्हणजे ते मिताहारी होते.

कोणी म्हणेल, दहा वॉट म्हणजे काय मोठे? आपण हिशेबच करू. एक वॉट वर्षभर अखंड वाहिला तर पावणेनऊ युनिट होतात. आपला बॉक्स दिवसाचे सहा तास कामाचा व अठरा तास बिनकामाचा धरला, तर त्या बिनकामाच्या तासांतच वर्षाकाठी सुमारे पासष्ट युनिट जातात. आपल्या देशात एक युनिट वीज निर्माण करताना सरासरी सुमारे ७०० ग्राम कर्बवायू आकाशात जातो. कारण आपली पाऊण हिस्सा वीज अजूनही दगडी कोळशापासून होते. म्हणजे एका घरामागे वर्षास सुमारे पंचेचाळीस किलो. अशी चारशे घरे धरली तर अठरा टन कर्बवायू, आणि त्यासाठी जळालेला दहा टनांहून अधिक कोळसा. तोही कोणी पाहिले नाही, ऐकले नाही, अशा कार्यक्रमांसाठी!

हा कोळसा आपल्या अंगणात जळत नाही, म्हणून तो आपणांस दिसत नाही. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत्-केंद्रातून मुंबईस वीज आली, तेव्हा ती पडत्या पाण्याची होती. कोयनेची आजही तशीच आहे. परंतु महाराष्ट्राच्या गरजेचा मोठा भार चंद्रपूरसारखी कोळशाची केंद्रे वाहतात. एकट्या चंद्रपूर केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. तेथील उन्हाळा किती प्रखर असतो हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. धूर व राख यांच्या सान्निध्यात राहणारे तेथील रहिवासी आपले शेजारीच होत. शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर प्रभूने अंतर मोजून दिले नव्हते.

येथवर वापरात जाणाऱ्या विजेची गोष्ट झाली. आता अभ्यासात मला जे सर्वांत अनपेक्षित वाटले ते सांगतो. मोबाइल फोन वीज फार थोडी घेतो. रोज भरला तरी वर्षास दहा युनिटांच्या आतच. मग त्याचा भार कोठे? तर तो आपल्या हाती येण्यापूर्वीच पडलेला असतो. खाणीतून तांबे, सोने, लिथियम व कोबाल्ट काढणे, अहोरात्र शीत व धूलिरहित ठेवाव्या लागणाऱ्या दालनांत त्याच्या चकत्या घडविणे, या सर्वांत जी शक्ती खर्च होते, तीच फोनच्या आयुष्यातील कर्बभाराचा मोठा हिस्सा असते. उत्पादकांचे स्वतःचे अहवालही हेच सांगतात. जगातील बहुतांश कोबाल्ट आफ्रिकेतील काँगो देशातून येतो व तेथे अनेक गरिबांनी तो हातांनी खणला आहे. म्हणून फोनच्या बाबतीत काटकसर ती चार्जर काढण्याची नव्हे, तर फोन टिकविण्याची. दोन वर्षांनी बदलावयाचा फोन चार वर्षे वापरला, तर निर्मितीचा वार्षिक भार निम्म्यावर येतो. बॅटरी थकली म्हणजे बॅटरी बदलावी. माणूस नवा चष्मा घेतो म्हणून नवे डोळे मागत नाही.

आणि टाकलेल्या वस्तूंचे काय होते? संयुक्त राष्ट्रांशी संबंधित संस्थांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लक्ष टन विद्युत्-कचरा झाला, व त्यातील शेकडा २२.३ इतकाच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातील बराचसा कोठेतरी उघड्यावर फोडला जातो, तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, आणि तो विषारी धूर दरिद्री मुलांच्या छातीत जातो. माझा तो ॲम्प्लिफायर अशाच वाटेने गेला नसेल, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

यावरून मी यंत्रांचा वैरी आहे असा ग्रह कृपा करून कोणी करून घेऊ नये. २०२० सालच्या टाळेबंदीत देवळाची दारे बंद असताना मिस्साबलिदान आपल्या घराघरांत याच मोबाइलने पोहोचविले. परदेशी गेलेल्या लेकरांचे मुख पाहण्यास ज्या आजीस तेवढेच एक साधन, तिला मी कोणत्या तोंडाने उपदेश करू? ज्यांच्या घरी एकच दिवा व एकच पंखा, त्यांनी काय वाचवावे? हा बोध मुख्यतः आम्हां पुष्कळ असणाऱ्यांस आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात अनावश्यक दिवे मालविणे व वस्तू लगेच न टाकता पुन्हा वापरणे यांसारखी लहान कृत्येही गणली आहेत. ती क्षुल्लक नव्हेत, कारण त्यांनी मनुष्यास वळण लागते. आणि महोत्सवाचे मूळ तरी काय? लेवीय ग्रंथात पन्नासाव्या वर्षी भूमीलाही विसावा देण्याची आज्ञा आहे. जी भूमी आपणांस पोसते तिच्याकडून अखंड घेत राहू नये, हा त्यातील अर्थ. आपलेही हे पन्नासावे वर्ष आहे.

तेव्हा माझे मागणे थोडक्यात असे. टीव्ही, बॉक्स व ध्वनियंत्र एकाच बटणाच्या पट्टीवर जोडावे आणि निजण्यापूर्वी ते बटण भिंतीपाशी बंद करावे. संगणक मात्र आधी रीतसर बंद करून मग. टीव्हीचा झगझगीत प्रकाश कमी करावा. डोळ्यांस व बिलास दोहोंस बरे. नवी वस्तू घ्यावीच लागली तर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या तारकांची चिठ्ठी वाचावी. ही चिठ्ठी २००६ पासून आपल्या देशात आहे, आणि तारका जितक्या अधिक तितकी वीज कमी. बिघडलेली वस्तू प्रथम दुरुस्त करणाऱ्यास दाखवावी. अगदीच निकामी झालेली असेल तर ती नोंदणीकृत संकलन केंद्रास द्यावी; कचऱ्यात टाकू नये.

आता पडद्याविषयी. शेजारच्या धर्मग्रामाने आपला पडदा तीन दिवसांसाठी देण्याचे मोठ्या प्रेमाने मान्य केले आहे, आणि मागील बाकांसाठी गीतांची मोठ्या अक्षरांतील पुस्तके छापून तयार आहेत. वाचलेल्या रकमेतून, मंडळाने मान्य केल्यास, दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी याच सभागृहात दुरुस्तीचे एक मेज मांडावे अशी माझी विनंती आहे. मला चूक दाखवून देणारे ते गृहस्थ त्या मेजाशी बसण्यास तयार आहेत. त्यांच्या हाताखाली चार युवकांनी हे काम शिकावे. ज्या युवकांस मी निराश केले, त्यांनाच मी हे प्रथम विचारीत आहे.

शेवटी एकच सांगतो. देवळात पवित्र साक्रामेंताजवळ एक तांबडा दिवा रात्रंदिवस तेवतो. तो आपण मालवीत नाही, कारण तेथे कोणी आहे हे तो सांगतो. घरी गेल्यावर काळोखात पाहा. कोपऱ्यात आणखी एक तांबडा ठिपका जळताना दिसेल. तो कोणासाठी जळतो, हे स्वतःस विचारा; आणि उत्तर मिळाले नाही, तर उठून तो मालवा.

परमेश्वर आपणां सर्वांचे कल्याण करो.