दुसऱ्याची वही हातीं घेतांना

धाराशिव जिल्ह्यांतील अणदूर आणि नळदुर्ग या शेजारच्या गांवांची एक प्रथा मोठी मार्मिक आहे. खंडोबाची मूर्ति एक, देवळें दोन. वर्षांतले सुमारें १० महिने देव अणदुरास असतो. उरलेला काळ नळदुर्गाजवळच्या मैलारपुरास. देव हलतो तो पालखींतून, वाजतगाजत. पण त्यासाठीं दोन्ही गांवच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. नेणारे देवाची सेवा मनोभावें करतात आणि ठरल्या वेळीं त्याला परत पाठवितात.

ही प्रथा येथें आठवण्याचें कारण शाळेंतील एक लहानसें काम आहे. निबंध झाल्यावर शिक्षक मुलांना वह्यांची अदलाबदल करून सोबत्याच्या लेखनावर अभिप्राय द्यावयास सांगतात. वही हातीं येतांच वर्गांत दोन पंथ पडतात. एक पंथ ‘छान आहे’ एवढें लिहून मोकळा होतो; मैत्री राखली जाते, पण लिहिणाऱ्याच्या पदरांत कांहींच पडत नाहीं. दुसरा पंथ तांबडी पेन्सिल सरसावून ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मोजूं लागतो. दोघांनींही वही उघडलेली असते. वाचलेली कोणींच नसते.

समजा, अणदूरच्या एखाद्या मुलीनें आपल्या आजीवर निबंध लिहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारों माणसें झोंपेंतच दगडमातीच्या घरांखालीं गाडलीं गेलीं. मुलीनें मात्र एवढेंच लिहिलें : ‘आजी अजून अंगणांतच निजती.’ ‘निजती’ हा घरचा शब्द खोडून कोणी हंसला, तर वाक्य शुद्ध होईल. परंतु पुढच्या खेपेस ती मुलगी आजीवर लिहिणार नाहीं, गाईवर लिहील. उलट ‘अंगणांत कां, हें कळलें नाहीं,’ असें सोबतिणीनें विचारलें, तर ती घरीं जाऊन आजीजवळ बसेल आणि त्या पहाटेची हकीकत वहींत उतरेल. शुद्धलेखन शिक्षकही सुधारतील. वाचतांना मन कोठें अडलें, हें बरोबरीचा वाचक जितक्या सरळपणें सांगतो, तितकें दुसरें कोणी क्वचितच सांगतें.

ही गरज केवळ मुलांचीच नव्हे. १९२३ सालीं पुण्यांत निघालेल्या रविकिरण मंडळांत माधव जूलियन, यशवंत, गिरीश आदि कवि एकत्र जमून आपल्या कविता एकमेकांस वाचून दाखवीत. सोबत्याचा कान ही त्यांची पहिली कसोटी. तरीही यशवंतांची कविता यशवंतांचीच राहिली आणि गिरीशांची गिरीशांची.

अभिप्राय देणाऱ्याचाही यांत लाभ असतो. दुसऱ्याच्या वाक्यापाशीं अडखळलेला मुलगा आपलें वाक्य लिहितांना तेथेंच क्षणभर थांबतो. मात्र वही आपल्याकडे मुदतीपुरती आली आहे, याचें भान सुटतां कामा नये. तिचा मान राखावा, मनांत आलेला प्रश्न निर्भयपणें विचारावा, आणि ती जिची तिच्या हातीं परत द्यावी. अणदूर-नळदुर्गच्या करारांतलें मर्म तें हेंच.