कॅथलिक शाळेत शिक्षक का रमतात?



अजून बक्षिसं वाटायची आहेत, त्यानंतर नाच आहेत. तेव्हा पाहुणीने किती बोलावं याची मला कल्पना आहे. पण बी.एड.च्या संमेलनात नोकरीविषयी बोलायचं नाही, तर कुठे बोलायचं? वसईतल्या एका कॅथलिक शाळेत मी मराठी शिकवलं. निवृत्त झाले तरी लोक विचारतात, "बाई, तुम्ही ख्रिस्ती नाही, मग तिथे कशा?"

खरं सांगते, जागा निघाली होती, शाळा अनुदानित होती आणि घरापासून जवळ होती. बहुतेक शिक्षक असेच येतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. राज्यघटनेच्या ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला, पण त्या शाळांत शिकतात आणि शिकवतात सगळ्याच धर्मांची माणसं. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत संमतीवाचून कुणाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हेही घटनेच्या २८व्या कलमात आहे. आमच्याकडे कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जात, त्याच तासाला बाकीची नीतिशिक्षणाला. तो नीतिशिक्षणाचा तास बरेचदा माझ्याकडे असे.

आलो कसे, हे झालं. पण पुढे दुसरीकडे जागा निघत असतानाही अनेकजण तिथेच राहतात. ते का?

पहिलं कारण मुलांच्या जवळ असण्याचं. इटलीतल्या तुरीन शहरात गरीब, पोरक्या मुलांसाठी काम करणारे डॉन बॉस्को यांनी १८७७ साली आपली शिक्षणपद्धती लिहून ठेवली. मूल चुकल्यावर छडी उगारण्यापेक्षा ते चुकण्याआधी त्याच्या जवळ असावं, असं त्यांचं म्हणणं. विवेक, धर्म आणि माया ही त्यांची त्रिसूत्री. आमची शाळा त्यांच्या संस्थेची नव्हती, पण मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिका सिस्टर ऑफिसात सापडायच्या नाहीत, त्या मैदानात असायच्या. कोण डबा न खाता बसलंय, कोणाशी कोणी बोलत नाही, हे त्यांना पटावरच्या नोंदींआधी कळायचं. वरिष्ठच असे वागले, की स्टाफरूममध्ये चहा घेत बसायला आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. हळूहळू आपणही मैदानात जायला लागतो, आणि मग वर्गात शिकवणंही सोपं जातं.

दुसरं कारण भाषेचं. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये जाँ-बाप्तिस्त द ला साल यांनी गरिबांच्या मुलांना लॅटिनऐवजी त्यांच्या फ्रेंचमधून वाचायला शिकवलं. पुढे १९५० साली पोपनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलं. त्यांच्याही आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूंचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात मराठीत छापलं गेलं. वसईतल्या चर्चच्या शाळांनी तर पिढ्यान्‌पिढ्या मराठी माध्यम चालवलं. घरी वसईची कादोडी बोली बोलणारी मुलं माझ्या वर्गात ओव्या म्हणायची. मराठीच्या शिक्षिकेला अशा ठिकाणी परकं कसं वाटेल?

आता एक सावधगिरीचा इशारा. सिस्टर आणि धर्मसंघांतले फादर व्रतस्थ असतात. अनुदानित शाळेतला त्यांचा पगार त्यांच्या संस्थेकडे जातो. त्यावर प्राप्तिकर कापायचा की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०२४ मध्ये न्यायालयाने कर कापावा असं ठरवलं. त्यांचं जेवणखाण, आजारपण, म्हातारपण त्यांची संस्था बघते. तुमच्यामागे मात्र घरभाडं असेल, आईचं औषधपाणी असेल. म्हणून विनाअनुदानित शाळेत, मग ती कोणत्याही धर्माची असो, "ही सेवा आहे, पगाराचं काय घेऊन बसलात?" असं कोणी म्हणालं, तर नम्रपणे नेमणूकपत्र मागा. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी महाराष्ट्रात १९७७चा कायदा आहे, तो वाचून ठेवा. दुसऱ्याचा त्याग पाहून आपलं काम सुधारावं. आपला हक्क सोडायला तो त्याग आपल्याला सांगत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५च्या शिक्षणविषयक घोषणापत्रानेही मान्य केलंय, की कॅथलिक शाळेचं उद्दिष्ट पुरं होणं जवळजवळ सर्वस्वी शिक्षकांवर अवलंबून आहे. मला वाटतं, हे कुठल्याही शाळेला लागू आहे. तेव्हा मुलाखतीला जाल, तेव्हा फाटकावरचं नाव वाचून मत बनवू नका. मधल्या सुट्टीच्या वेळेला पोहोचा आणि मोठी माणसं कुठे उभी आहेत ते बघा. मुलांमध्ये दिसली, तर ती नोकरी घ्या, आणि नेमणूकपत्रही घ्या.

बक्षीस मिळवणाऱ्या सर्वांचं अभिनंदन. ज्यांना मिळालं नाही, त्यांना वर्गात मुलं देतीलच.