वयाची अट नसलेला वर्ग

आयआयटी संस्था आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये अभियांत्रिकीची व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित करून सर्वांसाठी खुली करण्याचा ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम हाती घेतला. पुढे ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन व्यासपीठावर त्याच्या जोडीला भाषा, वाणिज्य, इतिहास, शेती असे अनेक विषय आले.

येथील प्रत्येक अभ्यासक्रमाची उभारणी चार अंगांनी होते : व्याख्यानांच्या चित्रफिती, वाचनसाहित्य, स्वाध्याय, म्हणजे शिकलेले स्वतःच पडताळून पाहण्याच्या चाचण्या, आणि शंकानिरसनासाठी चर्चामंच. नावनोंदणी व अध्ययन विनामूल्य असले, तरी प्रमाणपत्र हवे असल्यास ठरावीक केंद्रावर जाऊन देखरेखीखाली परीक्षा द्यावी लागते आणि तिचे शुल्क भरावे लागते. प्रमाणपत्राला वजन यायचे, तर ही अट रास्तच म्हणावी लागेल. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना या परीक्षेतून श्रेयांक, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे अध्ययनाचे एकक, मिळवता येतात. मात्र नोकरी किंवा संसार सांभाळून केवळ जिज्ञासेपोटी शिकणाऱ्या प्रौढाला परीक्षा टाळूनही अभ्यासक्रम पूर्ण पाहता येतो.

खरी अडचण भाषेची आहे, कारण बहुतांश व्याख्याने इंग्रजीत असून भाषांतराचे काम सुरू असले, तरी मराठी साहित्य अद्याप तोकडे आहे. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही, त्यांच्यासाठी ‘स्वयंप्रभा’ या शैक्षणिक दूरचित्रवाहिन्या उपग्रहाद्वारे विनामूल्य प्रसारित होतात.