‘कार्बन न्यूट्रल’ लेबलमागचा हिशेब

विमानाच्या तिकिटापासून कॉफीच्या पाकिटापर्यंत ‘कार्बन न्यूट्रल’ हे शब्द आपण वाचतो. अर्थ असा, की कंपनी जितका कार्बन हवेत सोडते, तितका दुसरीकडे कमी केल्याचं दाखवते. बहुधा क्रेडिट विकत घेऊन. म्हणजे धूर इथे, झाडं तिकडे! पण धूर आजच हवेत जातो, झाड वाढायला वर्षं लागतात. वणवा लागला, तर साठलेला कार्बन पुन्हा हवेत.

इझीजेटने २०१९ मध्ये सगळ्या उड्डाणांच्या इंधनासाठी अशी भरपाई सुरू केली, आणि २०२२ मध्ये ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. युरोपीय संघाच्या नियमानुसार २७ सप्टेंबर २०२६ पासून केवळ भरपाईच्या जोरावर एखाद्या वस्तूला ‘न्यूट्रल’ म्हणता येणार नाही.

आपल्यातही कुणाचं केटरिंग आहे, कुणाचं किराणा दुकान. तेव्हा आधी वर्षभराची गॅस, वीज आणि डिझेलची बिलं मांडा. मग जळणारं इंधन कमी करा. मसाले विमानाऐवजी जहाजाने मागवले, तरी मोठा फरक पडतो. क्रेडिटचा विचार सगळ्यात शेवटी. आणि गिऱ्हाईकाला सांगताना, जेवढं केलं तेवढंच सांगा. उसन्या पुण्यावर दुकान फार दिवस चालत नाही.